दुखण्याची गोळी: आधीची तपासणी, घेण्याची पद्धत आणि थांबण्याची वेळ

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कोणत्याही मेडिकलसमोर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर "कंबरेसाठी काहीतरी द्या", "दाढ ठणकते आहे, दोन गोळ्या द्या" ही मागणी हमखास ऐकू येते. घोडबंदर रस्त्यावरून रोज दुचाकीने जाणारा नोकरदार, लोकलमध्ये तासभर उभ्याने प्रवास करणारी गृहिणी आणि वाशीच्या बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणारा माथाडी कामगार, या तिघांचीही मागणी सारखी असते आणि बहुतेक वेळा हातात पडणारी गोळीही सारखीच असते. औषधविक्रीच्या व्यवसायात राहून मला सर्वाधिक काळजी वाटते ती याचीच. दुखणे पाहून गोळी निवडली जाते. ज्या शरीरात ती जाणार आहे त्याचा रक्तदाब, मूत्रपिंड, पोट आणि आधीपासून चालू असलेली औषधे यांची चौकशी राहून जाते. या गोळ्यांनी होणारे बरेच गंभीर अपाय त्या चौकशीने टळू शकतात, म्हणून पुढे गोळी गिळण्यापेक्षा तिच्या आधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे.

हे मार्गदर्शन दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकांपुरते आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब ही त्यांतली आपल्याकडे सर्रास मिळणारी नावे. पॅरासिटामॉल या गटात मोडत नाही. ते ताप आणि वेदना कमी करते, पण सूज व दाह यांवर त्याचा परिणाम फारच थोडा असतो. डॉक्टरांनी तपासून काही वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

गोळी शरीरात नेमके काय करते

इजा झालेल्या किंवा सुजलेल्या जागी पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करतात. ही रसायने रक्तवाहिन्या रुंद करतात, सूज वाढवतात आणि वेदनेच्या मज्जातंतूंना इतके संवेदनशील करतात की एरवी जाणवलाही नसता असा स्पर्श दुखू लागतो. ती तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) कॉक्स म्हणतात आणि वर दिलेल्या सर्व गोळ्या हेच विकर अडवतात. म्हणजे गोळी गुडघ्यासाठी घेतली तरी ती गुडघ्यापुरती राहत नाही; रक्तातून सगळीकडे जाते आणि जिथे जिथे हे विकर आहे तिथे तिथे काम करते.

अडचण अशी की काही अवयवांना प्रोस्टाग्लँडिनची रोज गरज असते. जठरात ती आम्लापासून बचाव करणारा चिकट थर टिकवून ठेवतात. मूत्रपिंडात रक्त आत नेणारी सूक्ष्म वाहिनी ती मोकळी ठेवतात, आणि शरीरातले पाणी कमी झालेले असताना तर मूत्रपिंड याच आधारावर तग धरते. प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणारे रक्तातले सूक्ष्म कण) त्याच विकराच्या मदतीने रक्त गोठवणारे एक रसायन बनवतात, तर रक्तवाहिन्यांची आतली बाजू गुठळी होऊ न देणारे दुसरे रसायन बनवते. विकर अडवले की या सगळ्या कामांना कमी-अधिक धक्का बसतो. कॉक्सचे दोन मुख्य प्रकार आहेत. पोटाचे व प्लेटलेट्सचे काम पहिला प्रकार पाहतो, तर दाहाच्या जागी प्रामुख्याने दुसरा वाढतो. इटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्या दुसऱ्याच प्रकाराला अडवतात, त्यामुळे पोटाला त्रास कमी होतो. परंतु हृदय आणि मूत्रपिंड यांचा धोका राहतोच, आणि "पोटाला चांगली म्हणजे सुरक्षित" हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो.

टप्पा १: आधी शरीर तपासा

पुढीलपैकी एक जरी गोष्ट लागू असेल, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

- पूर्वी जठरात किंवा आतड्यात अल्सर झाला होता, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली होती.
- मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) वाढलेले आले आहे.
- हृदयविकाराचा झटका, बायपास, अँजिओप्लास्टी, पक्षाघात यांपैकी काही झाले आहे, किंवा हृदय कमकुवत असल्याचे सांगितलेले आहे.
- रक्तदाब ताब्यात नाही.
- वय ६५ च्या पुढे आहे.
- दमा आहे, विशेषतः नाकात पॉलिप (मऊ मांसल वाढ) आहेत किंवा पूर्वी ॲस्पिरिनने धाप लागली होती.
- यकृताचा गंभीर आजार आहे किंवा मद्यपान नियमित आहे.

गर्भवतींनी ही गोळी स्वतःहून कधीच घेऊ नये. २० आठवड्यांनंतर तिच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची वाहिनी वेळेआधीच बंद होऊ लागते. मुलांच्या बाबतीत मात्रा वजनावर ठरते, मोठ्यांची गोळी अर्धी करून देणे धोक्याचे आहे. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे.

पावसाळ्यातली सावधगिरी. जून ते ऑक्टोबर या काळात आपल्या भागात ताप आणि अंगदुखी एकत्र आली, की डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांची शक्यता मनात धरावीच लागते. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच घटत असतात; जे शिल्लक असतात त्यांचेही काम ही गोळी बिघडवते आणि जठरातून रक्तस्रावाची वाट मोकळी करते. लेप्टोस्पायरोसिस मूत्रपिंडावर घाला घालतो, आणि हीच गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. म्हणून तापाचे निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, भरपूर पाणी प्यावे आणि साचलेल्या पाण्यातून चाललेले असाल तर डॉक्टरांना ते न विसरता सांगावे. अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लामसारखी मिश्र गोळी या काळात सहज घेतली जाते; तिच्यात पॅरासिटामॉलच्या जोडीला ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असते, हे अनेकांना ठाऊकच नसते.

तपासा: गेल्या चोवीस तासांत जुलाब, उलट्या किंवा खूप घाम आला आहे का? लघवी कमी व गडद होते आहे का? तसे असेल तर आधी शरीरातले पाणी भरून काढावे. वर्षा मॅरेथॉनसारख्या शर्यतीपूर्वी "पाय दुखू नयेत म्हणून" गोळी घेणारे धावपटू नेमके हेच उलटे करतात: घामाने पाणी कमी होणार असताना मूत्रपिंडाचा आधार काढून घेतात.

टप्पा २: चालू असलेली औषधे एकत्र मांडा

तोंडी आठवण्यावर विसंबू नये. घरातला औषधांचा डबा टेबलावर रिकामा करावा आणि त्या व्यक्तीच्या रोजच्या सगळ्या गोळ्या वेगळ्या काढाव्यात. मधुमेहाच्या डॉक्टरांची गोळी, हाडाच्या डॉक्टरांची गोळी आणि शेजारच्यांनी दिलेली गोळी प्रथमच शेजारी-शेजारी ठेवल्या जातात, तेव्हा बऱ्याच गोष्टी आपोआप उघड होतात.

सर्वात जास्त लक्ष द्यावे ते रक्तदाबाच्या औषधांकडे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात. वेदनाशामक आत नेणारी वाहिनी आकुंचित करते. त्यात लघवी वाढवणारी गोळी मिळाली, की एकूण पाणीही कमी होते. गाळणीत येणारे रक्त कमी, बाहेर जाण्याची वाट मोकळी आणि टाकीतच पाणी थोडे, अशी स्थिती झाली तर गाळण्यासाठी लागणारा दाब उरत नाही आणि काही दिवसांतच मूत्रपिंड काम थांबवू शकते. यांतल्या दोन गोष्टी अनेकदा एकाच गोळीत असतात: टेल्मिसार्टनच्या नावापुढे "एच" असेल, तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. आपल्या घरातल्या किती ज्येष्ठांना अशी गोळी चालू आहे, हे एकदा पाहाच.

रक्त पातळ करणारी औषधे (वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲपिक्साबॅन), स्टेरॉइड आणि नैराश्यावरची काही औषधे यांच्या जोडीने पोटातला रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्झेट आणि मानसिक आजारासाठीचे लिथियम रक्तात साठू लागते.

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. आयब्युप्रोफेन आधी घेतले, तर ते प्लेटलेट्सवरची ॲस्पिरिनची जागा अडवते आणि हृदयाला मिळणारे संरक्षण कमी होते. आवरण नसलेल्या ॲस्पिरिननंतर निदान अर्धा तास थांबावे, असा नियम आहे. परंतु आपल्याकडे या मात्रेतली बहुतेक ॲस्पिरिन आवरणाची असते आणि तिला हा हिशेब लावता येत नाही. अशा रुग्णांनी आयब्युप्रोफेन टाळून डॉक्टरांकडून दुसरा पर्याय घेणेच बरे.

टप्पा ३: स्ट्रिपवरचे बारीक अक्षर वाचा

दुकानदाराला दोनच गोळ्या मागितल्या, की तो कात्रीने स्ट्रिप कापून देतो. हातात आलेल्या तुकड्यावर कधी नावाची अर्धी अक्षरे असतात, कधी नुसता चंदेरी कागद. मुदत संपण्याची तारीख दुसऱ्या टोकाला राहून गेलेली असते. असा तुकडा घरी नेऊ नये. पूर्ण स्ट्रिप घ्यावी, किंवा निदान औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत पाकिटावर लिहून मागावी. तो तुमचा हक्क आहे आणि चांगला औषधविक्रेता ते आनंदाने लिहून देतो.

ठळक छापलेले नाव कंपनीचे असते. वाचायचे ते त्याखालचे बारीक नाव. झेरोडॉल-पी मध्ये १०० मिलिग्रॅम ॲसिक्लोफेनॅक आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सुमोमध्ये निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल. मासिक पाळीत घेतल्या जाणाऱ्या मेफ्टाल-स्पासमध्ये २५० मिलिग्रॅम मेफेनॅमिक ॲसिड व पेटके कमी करणारे डायसायक्लोमिन. व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. डोलो ६५० मध्ये फक्त पॅरासिटामॉल आहे.

हे का वाचायचे, ते एका उदाहरणाने पाहू. कंबरेसाठी झेरोडॉल-पी दिवसातून दोनदा चालू आहे, दाढ दुखते म्हणून कॉम्बिफ्लाम तीनदा घेतली आणि कणकण वाटते म्हणून डोलो ६५० तीनदा. प्रत्येक गोळी वेगळ्या कारणासाठी घेतल्यामुळे घेणाऱ्याला यात काहीच वावगे वाटत नाही. प्रत्यक्षात पोटात दाहशामक औषधे दोन गेली, ज्यांचा फायदा दुप्पट होत नाही पण अपाय मात्र वाढतो; आणि पॅरासिटामॉल ६५० अधिक ९७५ अधिक १९५०, म्हणजे ३५७५ मिलिग्रॅम झाले. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम धरतात आणि वजन कमी असेल, उपास घडत असेल किंवा यकृत कमकुवत असेल, तर ती बरीच खाली येते.

तपासा: एका वेळी शरीरात दाहशामक औषध एकच आहे ना? सर्व गोळ्यांतल्या पॅरासिटामॉलची बेरीज कागदावर केली का?

टप्पा ४: गोळीआधी जेल वापरून पाहा

गुडघा, मनगट, घोटा, बोटांचे सांधे अशा त्वचेजवळच्या जागा दुखत असतील, तर डायक्लोफेनॅकच्या जेलपासून सुरुवात करावी. गोळीच्या तुलनेत त्यातले अगदी थोडे, साधारण सहा टक्के औषध रक्तात पोहोचते. धुतलेल्या, कोरड्या त्वचेवर दिवसातून तीन ते चार वेळा हलक्या हाताने लावावे आणि नंतर हात धुवावेत. खरचटलेल्या जागी लावू नये, वरून घट्ट पट्टी बांधू नये आणि लगेच गरम पिशवीने शेकू नये, कारण त्यामुळे औषध नको तितके आत शिरते. एकदा लावून "फरक पडला नाही" म्हणणे योग्य नाही. काही दिवस नियमाने लावल्यावरच त्याचा गुण कळतो. कंबरेच्या खोलवरच्या दुखण्यावर मात्र जेलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

टप्पा ५: मात्रा आणि वेळ ठरवा

कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, हे सूत्र आहे. प्रौढांसाठी आयब्युप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा ते आठ तासांचे अंतर ठेवून, आणि स्वतःहून घेताना दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या पुढे नाही. डायक्लोफेनॅक दिवसभरात १५० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम दोनदा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिब ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे आहेत आणि ती तशीच घ्यावीत.

१. काहीतरी खाऊन घ्यावे. पोळी-भाजी शक्य नसेल तर दूध किंवा केळेही चालते. खाल्ल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते. अल्सरपासून बचाव मात्र त्याने होत नाही, याचे कारण पुढच्या टप्प्यात येईल.

२. बसून किंवा उभे राहून पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर गिळावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. कोरड्या घशाने गिळलेली गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करू शकते.

३. आवरण असलेली किंवा दिवसभर सावकाश सुटणारी गोळी तोडू, चावू किंवा कुटू नये. नावापुढे "एसआर" असेल तर ती सावकाश सुटणारी असते.

४. वेळ लिहून ठेवावी. कागदावर, फोनमध्ये, कुठेही; पण लिहावी.

आयब्युप्रोफेनचा परिणाम अर्ध्या ते एका तासात जाणवू लागतो. आवरणाच्या डायक्लोफेनॅकला, विशेषतः जेवणानंतर, जास्त वेळ लागतो. याच मधल्या वेळेत सर्वाधिक चुका होतात: "गोळी लागू पडली नाही" असे समजून दुसरी घेतली जाते. ठरावीक मात्रेच्या पुढे या औषधांचा वेदनेवरचा परिणाम वाढत नाही, अपाय मात्र वाढत जातो. वेदना असह्यच असेल, तर मर्यादा पाळून सोबत साधे पॅरासिटामॉल घेता येते, कारण त्याचे काम वेगळ्या वाटेने होते. दुसरे दाहशामक घेता येत नाही.

टप्पा ६: पोटाचे संरक्षण

जठराची इजा दोन मार्गांनी होते. गोळी अस्तराला थेट डिवचते, हा छोटा भाग. मोठा भाग रक्तातून होतो: औषध रक्तात गेल्यावर संरक्षक थर बनवणारी रसायनेच घटतात. म्हणून इंजेक्शन घेतले किंवा गुदद्वारातून औषध दिले, तरी अल्सरचा धोका संपत नाही. "पोटाला त्रास नको म्हणून इंजेक्शनच द्या" असा आग्रह दवाखान्यात धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ज्यांना धोका जास्त आहे आणि तरीही डॉक्टरांनी गोळी दिली आहे, त्यांना सोबत पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल हे जठरातले आम्ल कमी करणारे औषध दिले जाते. ते सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायचे असते. जेवणानंतर दोन्ही गोळ्या एकत्र गिळण्याची पद्धत रूढ झाली आहे, ती चुकीची आहे. जळजळीसाठीचे गुलाबी पातळ औषध तात्पुरते बरे वाटायला लावते. अल्सर होण्याचे ते थांबवत नाही.

सावधान: पोट अजिबात न दुखता, जळजळ न होता थेट रक्तस्राव झाल्याची उदाहरणे वृद्धांमध्ये विशेषतः आढळतात, कारण वेदना दाबण्याचे काम तीच गोळी करत असते.

टप्पा ७: दिवस मोजा आणि थांबा

स्वतःहून घेतलेली गोळी तापासाठी तीन दिवस आणि दुखण्यासाठी फार तर पाच ते सात दिवस. त्यानंतरही दुखणे राहिले, तर गोळी बदलून पाहण्याऐवजी दुखण्याचे कारण शोधायला जावे. हृदयावरचा वाढीव धोका काही जणांत पहिल्या काही आठवड्यांतच दिसू शकतो आणि मात्रा व दिवस वाढतात तसा तो वाढतो.

डोकेदुखीसाठी महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्यांना गोळीमुळेच डोकेदुखी होऊ लागते. तिच्यावर आणखी एक गोळी हा उपाय नसतो. मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवाव्या लागतात.

सांध्यांच्या जुनाट आजारासाठी डॉक्टरांनी दीर्घकाळ गोळी दिली असेल, तर रक्तदाब, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी केव्हा करायची, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे. गोळी सुरू केल्यावर रक्तदाबाची जुनी मात्रा अपुरी पडू लागली, तर वेदनाशामकावर संशय घ्यावा. बीपीची नवी गोळी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगणे फार उपयोगी ठरते.

टप्पा ८: ही लक्षणे दिसली तर गोळी त्याच क्षणी बंद

- डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, परंतु ती सहसा अशी चिकट नसते. शंका असेल तर रक्तस्रावच धरून चालावे.
- छातीत दुखणे, धाप, अर्धांगात कमजोरी, बोलताना जीभ अडखळणे.
- ओठ, पापण्या सुजणे किंवा श्वास घेताना घरघर.

या तिन्ही प्रसंगी सकाळपर्यंत थांबू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि स्ट्रिप सोबत न्यावी.

लघवी कमी होणे, पायांवर सूज, काही दिवसांत वजन दोन किलोने वाढणे, डोळे पिवळे दिसणे या लक्षणांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप आणि गाठी सुजणे हे एकत्र आले तर तेही तातडीचे समजावे. मेफेनॅमिक ॲसिडमुळे होणाऱ्या अशाच एका गंभीर प्रतिक्रियेबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढली होती. ही प्रतिक्रिया औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनीही येऊ शकते, त्यामुळे "गोळी तर कधीच संपली" म्हणून तिचा उल्लेख टाळू नये.

अपाय झाल्यास त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या शासनाच्या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो. नोंद करताना औषधाचे बारीक अक्षरांतले नाव, बॅच क्रमांक, गोळी सुरू केल्याची तारीख आणि लक्षण दिसल्याची तारीख हाताशी ठेवावी. बॅच क्रमांक मुदतीच्या तारखेजवळच छापलेला असतो.